आधी गाव, मग बॅले

अमेरिकेतल्या एखाद्या मध्यम आकाराच्या शहरातल्या बॅले कंपनीचं नव्या हंगामाचं पत्रक हाती घ्यावं. शहर कोणतंही असो, त्यातला क्रम फारसा बदलत नाही. ऑक्टोबरात हॅलोविनच्या मुहूर्तावर ‘ड्रॅक्युला’ किंवा तसंच काहीतरी भुताटकीचं. डिसेंबरभर ‘नटक्रॅकर’. फेब्रुवारीत व्हॅलेंटाइन साधून ‘रोमिओ अँड ज्युलिएट’सारखी प्रेमकथा. वसंतात नव्या, छोट्या रचनांची एक संध्याकाळ आणि शाळा संपता संपता विद्यार्थ्यांचा कार्यक्रम. शिवाय पानाच्या तळाशी बारीक टायपात बरंच काही असतं. शाळांसाठी स्वस्त तिकिटांचा सकाळचा प्रयोग, वाचनालयात मुलांना नाचून दाखवलेली गोष्ट, पार्किन्सन्स झालेल्यांसाठी वर्ग, परीच्या पोशाखातल्या नर्तकीबरोबर चहा-केक, उद्यानातला विनामूल्य प्रयोग.

वाचणाऱ्याला साहजिकच वाटतं, की मोठ्या टायपातलं ते खरं काम आणि बारीक टायपातली ती समाजकार्याची पुरवणी. या कंपन्यांचा इतिहास मात्र नेमका उलटा आहे. बहुतेकींची सुरुवात झाली ती गावातल्या नृत्याच्या बाईंनी, गावातल्याच मुलींना घेऊन, मिळेल त्या हॉलमध्ये. पगारी नर्तक, मोठं नाट्यगृह, वाद्यवृंद हे सगळं मागाहून आलं. काही ठिकाणी तर तीस-चाळीस वर्षांनी.

त्याआधी अमेरिकेतल्या लहान गावाला बॅले दिसायचा तो रेल्वेने येणारा. रशियाची अ‍ॅना पावलोवा पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे आपला ताफा घेऊन अमेरिकाभर हिंडली. जिथे रंगमंच मिळेल तिथे एक रात्र नाचायचं आणि सकाळी पुढची गाडी पकडायची, असा तिचा शिरस्ता होता. (१९२२ साली सुरू झालेल्या पूर्वेच्या दौऱ्यात ती मुंबई-कलकत्त्यालाही आली. परतल्यावर भारतीय विषयांवरच्या रचनांसाठी तिने लंडनमध्ये उदयशंकर नावाच्या चित्रकलेच्या तरुण विद्यार्थ्याला हाताशी धरलं, हे आपल्याकडे अनेकांना माहीत आहे.) १९३३ पासून सोल ह्युरॉक या ठेकेदाराने ‘बाले रूस’ या रशियन बॅले मंडळीचे दौरे सुरू केले. त्यांचीही पद्धत तीच, एका गावी एक रात्र. गाडी निघून गेली की मागे उरायच्या त्या खुळावलेल्या चार-दोन मुली आणि त्यांना शिकवायला कोण, हा प्रश्न.

जॉर्जिया राज्यातल्या अटलांटा शहरात या प्रश्नाचं उत्तर होतं डोरोथी अलेक्झांडर. १९०४ सालचा त्यांचा जन्म. स्वतःची नृत्यशाळा चालवणाऱ्या या बाई शहरातल्या सरकारी शाळांमध्येही नृत्य शिकवत. १९२९ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी शेअरबाजार कोसळला त्याच वर्षी, त्यांनी आपल्या विद्यार्थिनींची ‘डोरोथी अलेक्झांडर कॉन्सर्ट ग्रुप’ ही मंडळी उभी केली. पुढे तिचं ‘अटलांटा सिव्हिक बॅले’ झालं आणि १९६७ पासून ती ‘अटलांटा बॅले’ म्हणून ओळखली जाऊ लागली. अमेरिकेतली खंड न पडता चालत आलेली सर्वांत जुनी नृत्यकंपनी, असा तिचा लौकिक आहे. मंदी आली, महायुद्ध आलं, मंडळी टिकली. तिला टिकवायला लागत होतं तरी काय? नर्तकींना पगार नव्हता, जागा शाळेचीच आणि पोशाख शिवायला आया होत्या. खर्चच नसल्यावर दिवाळं निघणार कशाचं!

ओहायोतल्या डेटन शहरात जोसेफिन आणि हर्मीन श्वार्ट्झ या दोघी बहिणींची गोष्टही याच वळणाची. १९२७ मध्ये शाळा, १९३७ मध्ये विद्यार्थ्यांची मंडळी, आणि तीच पुढे ‘डेटन बॅले’. शिक्षिका आधी आणि कंपनी नंतर, हा क्रम इतक्या शहरांत सापडतो, की अमेरिकन बॅलेचा इतिहास न्यूयॉर्कपासून सुरू करण्याची सवय थोडी बाजूला ठेवावी लागते.

या सुट्या सुट्या मंडळ्यांना एकत्र आणण्याची कल्पना आली उत्तरेकडून, कॅनडातून. १९३८ मध्ये ग्वेनेथ लॉइड आणि बेटी फॅरली या दोन इंग्रज शिक्षिका लीड्स सोडून विनिपेगला आल्या. विनिपेग म्हणजे गव्हाच्या कुरणांमधलं, हाडं गोठवणाऱ्या हिवाळ्याचं शहर. तिथे त्यांनी बॅले क्लब काढला. वर्षभरात इंग्लंडचे राजा-राणी विनिपेगला यायचे होते आणि त्या निमित्ताने शहरात सोहळा ठरला होता. त्यासाठी लॉइडबाईंनी दोन बॅले बसवले, ‘ग्रेन’ आणि ‘किलोवॅट मॅजिक’. एकाचा विषय धान्य आणि दुसऱ्याचा वीज! हंस नाहीत, शापित राजकन्या नाहीत. ज्या गव्हावर आणि जलविद्युतेवर मॅनिटोबा प्रांत जगत होता, त्यांनाच त्यांनी रंगमंचावर आणलं.

याच विनिपेगने १९४८ मध्ये पहिला कॅनेडियन बॅले महोत्सव भरवला. टोरांटो आणि मॉन्ट्रियलच्या मंडळ्या प्रवास करून आल्या. एवढ्या विस्तीर्ण देशात एकमेकांचं काम कोणी पाहिलेलंच नव्हतं, ते पाहिलं गेलं. पुढे १९५३ मध्ये या क्लबातून घडलेल्या कंपनीला ‘रॉयल’ ही पदवी मिळाली आणि दुसऱ्याच वर्षी, १९५४ च्या जूनमध्ये, आगीत तिचे पोशाख, नेपथ्य आणि स्वरलिप्या जळून गेल्या. लॉइडबाईंच्या कितीतरी रचना त्यात कायमच्या गेल्या. नृत्याची नोंद तेव्हा प्रामुख्याने माणसांच्या अंगात असायची आणि ती माणसं तोवर पांगली होती. कंपनी मात्र पुन्हा उभी राहिली आणि आजही आहे.

कॅनडातले हे महोत्सव ‘डान्स न्यूज’ या नियतकालिकाचे संपादक अनातोल शुजॉय यांच्या मनात भरले. अमेरिकेत असं का होऊ नये, असं ते लिहू-बोलू लागले. ते मनावर घेतलं अलेक्झांडरबाईंनी आणि १९५६ मध्ये अटलांटात अमेरिकेतला पहिला प्रादेशिक बॅले महोत्सव झाला. आसपासच्या राज्यांतल्या मंडळ्या आपापल्या खर्चाने आल्या.

या महोत्सवांची रीत पाहण्यासारखी आहे. महोत्सवाच्या काही महिने आधी बाहेरचा एक जाणकार परीक्षक गावोगाव फिरतो, प्रत्येक मंडळीची रचना तिच्याच तालीमखोलीत पाहतो, दुरुस्त्या सांगतो आणि कोणती रचना कोणत्या रात्री होईल ते ठरवतो. महोत्सवात दिवसा पाहुण्या गुरूंचे वर्ग आणि रात्री प्रयोग. आपल्या गावात सर्वांत चांगली म्हणून मिरवणारी मुलगी दुसऱ्या गावाच्या मुलींशेजारी उभी राहते आणि तिच्या बाईंनाही आपण कुठे आहोत ते कळतं. अटलांटानंतर देशाच्या इतर भागांतही असे महोत्सव सुरू झाले. १९८८ पासून ‘रीजनल डान्स अमेरिका’ या नावाने ही चळवळ चालते आहे.

दौऱ्यांना कंटाळलेल्या कलावंतांनीही या काळात लहान शहरं जवळ केली. रोमन जासिन्स्की हे पोलिश, तर त्यांची पत्नी मोसेलीन लार्किन ओक्लाहोमाची, वडिलांकडून मूलनिवासी. दोघंही बाले रूसच्या रेल्वेडब्यात वर्षानुवर्षं राहिलेले. मूल झाल्यावर त्यांनी तुलसा शहरात घर केलं, शाळा काढली आणि १९५६ मध्ये पियानोवादक रोझली टॅल्बट यांच्या साथीने तुलसाची कंपनी उभी केली. ओक्लाहोमाने त्या पिढीत मूलनिवासी समाजातल्या पाच नामवंत बॅलेरिना दिल्या, लार्किन त्यांच्यातली एक. दुसरी मारिया टॉलचीफ. तिचा उल्लेख पुढे येणारच आहे.

‘गाव’ म्हणताना गावातलं कोण, हा प्रश्न मात्र टाळता येत नाही. १९५६ च्या जॉर्जियात नाट्यगृहातल्या खुर्च्यासुद्धा वर्णानुसार वाटलेल्या होत्या. रेव्हन विल्किन्सन ही कृष्णवर्णीय नर्तकी १९५५ मध्ये ‘बाले रूस द मॉन्ते कार्लो’त दाखल झाली. तिचा रंग उजळ होता आणि दौऱ्यात ती कुणाच्या नजरेत येत नसे. पण १९५७ मध्ये अटलांटातच हॉटेलवाल्यांनी तिला वेगळं काढलं आणि तिला ते हॉटेल सोडावं लागलं. पुढे अलाबामातल्या माँटगोमेरीत कू क्लक्स क्लॅनचे लोक थेट रंगमंचावर चढून ‘ती’ कोण, अशी विचारणा करू लागले. सहकाऱ्यांनी तोंड उघडलं नाही. तरी दक्षिणेचे दौरे तिच्यासाठी बंदच झाले आणि १९६१ मध्ये तिने कंपनी सोडली.

डेटनमध्ये थोडं वेगळं घडत होतं. श्वार्ट्झ भगिनी शहराच्या कृष्णवर्णीय वस्तीतल्या लिंडेन सेंटरमध्ये जाऊन मुलांना शिकवत. त्यांतली एक जेराल्डीन ब्लंडन. तिने मोठेपणी १९६८ मध्ये ‘डेटन कंटेम्पररी डान्स कंपनी’ काढली. दुसऱ्याच वर्षी न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत आर्थर मिचेल यांनी त्यांचे गुरू कॅरेल शूक यांच्याबरोबर ‘डान्स थिएटर ऑफ हार्लेम’ सुरू केलं. मिचेल न्यूयॉर्क सिटी बॅलेतले पहिल्या फळीतले नर्तक. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर ते आपल्या वस्तीत परतले आणि एका गॅरेजमध्ये वर्ग घेऊ लागले. उकाड्यामुळे दार उघडं ठेवलं जायचं, रस्त्यावरची पोरं डोकावायची आणि मग आत यायची. मुलांना घट्ट तंग पोशाखाची लाज वाटते, हे ओळखून मिचेल यांनी कापलेल्या जीन्स चालवून घेतल्या. संस्था मोठी झाल्यावरही वस्तीतल्या लोकांसाठी दार उघडं ठेवण्याचा रिवाज महिन्यातल्या एका रविवारच्या कार्यक्रमाच्या रूपाने चालू राहिला. पत्रकातल्या बारीक टायपातली ती एक ओळ.

आता मोठ्या टायपातल्या ओळीकडे, ‘नटक्रॅकर’कडे वळू. अमेरिकन डिसेंबरशी हा बॅले इतका एकजीव झाला आहे, की तो तिथलाच वाटावा. वास्तविक त्याचा पहिला प्रयोग १८ डिसेंबर १८९२ रोजी सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्की थिएटरात झाला. कथा जर्मन लेखक हॉफमनची, तीही अलेक्झांडर द्युमाने सौम्य केलेल्या फ्रेंच रूपातून घेतलेली. संगीत चायकोव्हस्कीचं, आराखडा मारियस पेतिपाचा आणि रचना लेव्ह इव्हानोव्हची. समीक्षकांनी नाकं मुरडली, आणि त्यांच्या तक्रारींतली एक अशी, की पहिल्या अंकात फार मुलं आहेत! चायकोव्हस्कीने मात्र ‘शुगर प्लम’ परीसाठी पॅरिसहून चेलेस्टा हे नवं वाद्य मागवताना मोठी गुप्तता पाळली होती. रिम्स्की-कोर्साकोव्ह आणि ग्लाझुनोव्ह या संगीतकारांना सुगावा लागला तर ते आधी वापरून मोकळे होतील, ही त्याची धास्ती.

अमेरिकेत हा बॅले पूर्ण स्वरूपात पहिल्यांदा झाला तो न्यूयॉर्कबाहेर. त्यामागे होते विलम क्रिस्टेनसन. युटा राज्यातल्या ब्रिगम सिटीतलं हे डॅनिश वंशाचं मॉर्मन घराणं, त्यात पिढ्यान्‌पिढ्या नाच आणि वाद्यं शिकवण्याचा पेशा. विलम, हॅरल्ड आणि लू हे तिघे भाऊ व्हॉडव्हिलच्या रंगमंचावर, म्हणजे विनोदवीर आणि जादूगारांच्या मधल्या वेळात, बॅले करून पोट भरायचे. पुढे विलम सॅन फ्रान्सिस्को बॅलेचे प्रमुख झाले. युद्ध चालू होतं, पुरुष नर्तक सैन्यात गेलेले होते आणि नाताळसाठी काहीतरी हवं होतं.

‘नटक्रॅकर’ पूर्ण पाहिलेलं माणूस शोधायला लागणार होतं, ते आपणहून शहरात आलं. बाले रूस द मॉन्ते कार्लोचा मुक्काम पडला होता आणि ताफ्यात होते जॉर्ज बॅलन्शिन आणि अलेक्झांड्रा डॅनिलोव्हा, दोघंही मारिन्स्कीच्या शाळेत वाढलेले. विलम यांनी त्यांना घरी बोलावलं. ते पुढे सांगत, की डॅनिलोव्हा चपला काढून आठवेल तसं नाचायलाच लागली. बॅलन्शिन यांनी तिला थांबवलं: रचना याची याला करू दे, आपण फक्त गोष्ट सांगू, झाड कसं वाढायचं, उंदीर कुठून यायचे ते सांगू.

पोशाखांसाठी बजेट होतं १,००० डॉलर. ते काम रसेल हार्टली या कंपनीतल्याच कोवळ्या पोराच्या अंगावर पडलं. युद्धामुळे कापड मोजूनमापून मिळायचं. एका गिऱ्हाइकाला १० यार्डच मिळत, म्हणून नर्तक आळीपाळीने दुकानांच्या रांगेत उभे राहिले. शहरातल्या जुन्या कोर्ट थिएटरचे लाल मखमली पडदे विकायला निघाले होते, ते हार्टलीने उचलले आणि पार्टीच्या दृश्यातल्या श्रीमंत मंडळींच्या अंगावर चढवले. २४ डिसेंबर १९४४ च्या त्या प्रयोगाला प्रेक्षक खूश झाले. तरी हे दरवर्षी करावं, असं लगेच कुणाच्या डोक्यात आलं नाही. सॅन फ्रान्सिस्कोत ‘नटक्रॅकर’ वार्षिक झाला तो १९४९ पासून.

दहा वर्षांनी, २ फेब्रुवारी १९५४ रोजी, बॅलन्शिन यांनी स्वतःचा ‘नटक्रॅकर’ न्यूयॉर्कमध्ये रंगवला. परीच्या भूमिकेत मारिया टॉलचीफ. बॅलन्शिन यांनी लहानपणी मारिन्स्कीत याच बॅलेत उंदीर आणि राजपुत्र केले होते. त्यामुळे पहिला अंक त्यांनी मुलांच्या हवाली केला आणि वाढत जाणाऱ्या ख्रिसमस ट्रीच्या खर्चावरून व्यवस्थापनाशी हुज्जत घातली. झाडाशिवाय हा बॅलेच नाही, हे त्यांचं म्हणणं. १९५७ आणि १९५८ च्या नाताळात दूरचित्रवाणीवरून तो देशभर दिसला. आता प्रत्येक गावातल्या प्रत्येक नृत्यशाळेला आपलाही ‘नटक्रॅकर’ हवा होता.

एकाच बॅलेने एवढ्या गावांत पाय रोवावेत, याची कारणं अगदी व्यवहारी आहेत. चायकोव्हस्की १८९३ मध्ये वारला, म्हणून संगीताला मानधन पडत नाही. पहिल्या अंकातल्या पार्टीत पाहुणे, सैनिक, उंदीर अशी डझनावारी पात्रं लागतात आणि त्यांना पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मुलं चालतात. पार्टीतल्या काका-काकूंना तर नाचताही यावं लागत नाही. गावातले डॉक्टर, वकील, मास्तर त्या टोप्या हौसेने घालतात. दुसरा अंक म्हणजे दोन-दोन, तीन-तीन मिनिटांच्या नाचांची माळ, त्यामुळे ज्याची जेवढी तयारी त्याला तेवढं काम. हिमकणांच्या नाचाला शब्द नसलेलं बालगायन लागतं, तिथे अनेक शहरांत स्थानिक शाळेचा गायकवृंद येऊन उभा राहतो. नेपथ्य एकदा केलं की वीस-पंचवीस वर्षं पुरतं. आणि आपल्याकडे शाळेच्या गॅदरिंगला जे होतं तेच इथे होतं: रंगमंचावर एक मूल आलं, की प्रेक्षागृहात आई, बाबा, दोन्हीकडचे आजी-आजोबा आणि एखादी मावशी येतेच. मुलांचे दोन-तीन संच केले, की तिकिटंही त्याच पटीत खपतात.

या हिशोबाने हळूहळू अख्ख्या वर्षाचा भार उचलला. आज अमेरिकेतल्या बऱ्याच बॅले कंपन्यांच्या वर्षभराच्या तिकीटविक्रीतली चाळीस टक्क्यांच्या आसपासची, कधी त्याहूनही अधिक रक्कम एकट्या ‘नटक्रॅकर’मधून येते. वसंतातली ती नव्या रचनांची संध्याकाळ, जिच्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहतात, तिचा खर्च डिसेंबरातले उंदीर भागवतात. कलावंतांमध्ये या बॅलेविषयी कुरकूर पुष्कळ आहे. रोज तीच सुरावट आणि शनिवार-रविवारी दोन-दोन प्रयोग. पण वर्षभराचा करार मिळतो तो त्याच जोरावर, हेही प्रत्येकाला ठाऊक असतं.

विंगेत उभं राहिलं तर या व्यवहाराची दुसरी बाजू दिसते. हिमकणांच्या दृश्यात वरच्या जाळ्यांतून जो बर्फ पडतो, तो आग न धरणाऱ्या कागदाचा असतो. प्रयोग संपला की रंगमंच कामगार तो झाडून गोळा करतात, चाळतात, त्यात पडलेल्या केसांच्या पिना लोहचुंबकाने काढतात आणि दुसऱ्या दिवशी तोच बर्फ पुन्हा वर चढतो. एखादी पिन चुकून राहिलीच, तर वरून नर्तकीच्या अंगावर. कागदाचे कपटे तोंडात जातात, पायाखाली घसरतात, आणि तरीही हसत वळायचं असतं. पॉइंट शूजची तऱ्हा आणखी वेगळी. सॅटिनची ही देखणी पादत्राणं नवी असताना लाकडासारखी ताठ आणि खटखट वाजणारी असतात. म्हणून नर्तकी ती आधी जिन्याच्या पायरीवर बडवते, आतली पट्टी वाकवते किंवा कापते, टोकाला जाड दोऱ्याने टाके घालते, फिती स्वतः शिवते आणि तळाला राळ लावते. एवढं करून मोठ्या भूमिकेत एक जोड एका प्रयोगात बसून जातो. जोडाची किंमत शंभर डॉलरच्या घरात. पत्रकाच्या मागच्या पानावर देणगीदारांना ‘एका नर्तकीचे शूज दत्तक घ्या’ असं आवाहन असतं, ते याच खर्चापोटी.

टेक्सासातल्या ह्यूस्टनने तर याहून पुढची मजल मारली. तिथे १९८१ पासून दर नोव्हेंबरात ‘नटक्रॅकर मार्केट’ नावाचा बाजार भरतो. नाताळची सजावट, दागिने, लोणची-मुरंबे, कपडे असे शेकडो गाळे. प्रवेशशुल्काचा आणि विक्रीचा काही हिस्सा ह्यूस्टन बॅलेला, तिच्या शाळेला आणि शिष्यवृत्त्यांना जातो. चार दिवसांत लोटणाऱ्या गर्दीतल्या कितीतरी बायकांनी बॅले कधी पाहिलेला नसेल, पण त्याला हातभार मात्र त्या दरवर्षी लावतात.

गावच्या हौशी मंडळीतून पगारी कंपनी होण्याचा टप्पा अनेक ठिकाणी १९६३ मध्ये आला. त्या वर्षी फोर्ड फाउंडेशनने बॅलेसाठी सुमारे ७७ लाख डॉलर जाहीर केले. त्यातला सिंहाचा वाटा बॅलन्शिन यांची शाळा आणि कंपनी यांना गेला, म्हणून आधुनिक नृत्यवाल्यांनी मोठा गहजब केला, आणि तो अगदीच अनाठायी नव्हता. पण उरलेल्या पैशाने नकाशा बदलला. विलम क्रिस्टेनसन १९५१ मध्येच युटाला परतून विद्यापीठात बॅले शिकवू लागले होते आणि १९५५ पासून तिथे ‘नटक्रॅकर’ करत होते. आता ग्लेन वॉकर वॉलेस या बाईंच्या साथीने त्यांनी ‘युटा सिव्हिक बॅले’ उभी केली, तीच आजची ‘बॅले वेस्ट’. विलम यांचा ‘नटक्रॅकर’ ती अजूनही करते. बॉस्टनमध्ये व्हर्जिनिया विल्यम्स, फिलाडेल्फियात बार्बरा वाइसबर्गर यांनी याच अनुदानावर कंपन्या काढल्या. दोघीही मुळात शिक्षिका. वाइसबर्गरबाई तर बालपणी बॅलन्शिन यांच्या शाळेत शिकलेल्या आणि नंतर विल्क्स-बॅरी या कोळशाच्या खाणींच्या गावात स्वतःची शाळा चालवणाऱ्या.

पैसा आला, व्यावसायिक शिस्त आली, नर्तक देशभरातून, पुढे जगभरातून येऊ लागले. याची किंमत म्हणजे गावातली मुलगी कंपनीत जाण्याची शक्यता आक्रसली. तिच्या वाट्याला उरली शाळा आणि डिसेंबरातली उंदराची भूमिका. गावाशी सुटत चाललेला हा धागा पुन्हा बांधण्यासाठी कंपन्यांनी एकेक उपक्रम काढले. बॉस्टन बॅलेने १९९१ पासून ‘सिटीडान्स’ नावाने सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांसाठी विनामूल्य वर्ग चालवले. अनेक मुलांनी बॅलेची खोली तेव्हाच प्रथम पाहिली. पार्किन्सन्स झालेल्यांसाठीचे वर्ग ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने २००१ मध्ये सुरू केले. संगीताच्या ठेक्यावर पाऊल उचलणं या रुग्णांना साध्या चालण्यापेक्षा काही वेळा सोपं जातं. हे वर्ग आता बॅले कंपन्यांच्या पत्रकात सर्रास दिसतात.

पिट्सबर्ग बॅले थिएटरने २०१३ च्या डिसेंबरात ऑटिझम असलेल्या मुलांना सोसेल असा ‘नटक्रॅकर’ केला. अमेरिकेतल्या व्यावसायिक कंपनीने असं करण्याची ती पहिली वेळ. प्रेक्षागृहातले दिवे पूर्ण मालवले नाहीत, दचकवणारे आवाज खाली आणले आणि मध्येच उठून फिरायला, बोलायला मुभा दिली. बाहेर शांत कोपरे ठेवले. काय काय घडणार याची चित्रांसह माहिती पालकांना आधीच दिली. एरवी ज्या पालकांना मूल ओरडेल या भीतीने नाट्यगृहाची पायरी चढता येत नव्हती, ते आख्खं कुटुंब घेऊन आले.

ज्या बॅलेवर एवढी गावं विसंबून आहेत, त्यात काय दाखवायचं यावरही अलीकडे बोललं जातं. दुसऱ्या अंकातल्या ‘चहा’ या नाचात पिवळट रंगवलेले चेहरे, लोंबत्या मिशा आणि दोन बोटं वर करून केलेल्या उड्या वर्षानुवर्षं चालत होत्या. २०१७ मध्ये फिल चॅन आणि नर्तकी जॉर्जिना पाझकोगिन यांनी याविरुद्ध मोहीम उघडली आणि एकेका कंपनीकडून तसं न करण्याचा शब्द घेतला. सिएटलच्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट बॅलेने २०२१ मध्ये त्या नाचातलं पात्रच बदलून हिरवा रातकिडा आणला, कारण चिनी परंपरेत रातकिडा शुभ मानतात.

त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये एक वेगळाच पेच होता. करोनामुळे २०२० चा ‘नटक्रॅकर’ झालाच नव्हता. २०२१ मध्ये प्रयोग ठरले, पण बारा वर्षांखालच्या मुलांची लस वेळेत मिळणार नव्हती. मग न्यूयॉर्क सिटी बॅलेने बारा वर्षांवरचीच मुलं घेतली. या भूमिकांसाठी मुलं निवडताना उंचीला महत्त्व असतं, कारण पोशाख ठरलेल्या मापाचे असतात आणि दर हंगामात नव्या मुलांच्या अंगावर तेच चढतात. या वेळी मुलंच हातभर उंच, त्यामुळे शिवणकाम विभागाला मापं बदलत बसावं लागलं. एवढं करूनही ओमिक्रॉनची लाट आली आणि नाताळाच्या तोंडावर उरलेले प्रयोग रद्द झाले. अनेक छोट्या कंपन्यांनी त्या दोन वर्षांत ‘नटक्रॅकर’ चित्रित करून घरोघरी दाखवला, मोकळ्या मैदानात केला, मुलांना मास्क लावून नाचवलं. वसंतातल्या रचना पुढच्या वर्षावर ढकलता येत होत्या. डिसेंबर ढकलला असता, तर पुढच्या हंगामाचं पत्रक छापायलाच पैसे उरले नसते.